नीलग्रहाच्या सगळ्या प्रती

‘नीलग्रह’ नावाची तीन हिंदी चित्रपटांची एक मालिका होती. अंतराळयान, निळ्या ग्रहावरची राजकन्या, प्लायवूडचे चंद्र, असा सगळा मामला. थिएटरात ती कधी धड चालली नाही, पण कॅसेटवर आली आणि घरोघरी पोचली. आता तिला अभिजात वगैरे म्हणतात, तिच्यावर लेख लिहितात, आणि अलीकडेच तिन्ही चित्रपट मूळ निगेटिव्हवरून साफसूफ करून, एकेक फ्रेम धुऊन-पुसून नव्या डिस्कवर काढले आहेत. या मालिकेच्या कोणकोणत्या प्रती निघाल्या, कुठल्या प्रतीत काय ठेवलंय आणि काय गाळलंय, हे माझ्याइतकं निदान इंदुरात तरी कुणाला ठाऊक नसेल. आधी व्हिडिओ कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आणि आता ही नवी डिस्क. प्रत्येक प्रत मी मिळवून बघितली आहे. आवड म्हणून नव्हे, विज्ञानपट मला मुळीच आवडत नाहीत. दर वेळी मी दुसरा भाग लावला, थेट एका दृश्यापाशी गेले, तेवढं बघितलं आणि बंद केलं. त्या दृश्यात माझी आत्या आहे की नाही, आणि असली तर किती दिसते, एवढंच मला बघायचं असायचं. लाज माणसाला किती अभ्यासू बनवते ते मी स्वतःवरून सांगू शकते.

तेव्हा आम्ही रामबागेत भाड्याच्या घरात राहायचो. मी दहावीत होते. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आई घरी, आणि बाबांची धाकटी बहीण शकूआत्या आमच्याच शाळेत चित्रकलेची शिक्षिका. घरात सकाळ व्हायची ती बाबांच्या खाकरण्याने आणि खालच्या दुकानात पोह्यांच्या कढईवर झारा आपटल्याच्या आवाजाने. रविवारी पोहे-जलेबी विकत आणायची, बाकी दिवस आईचे पोहे, वर मुठीमुठीने सेव. बोलणं मराठीतच, पण भांडण रंगात आलं की बाबासुद्धा हिंदीवर घसरायचे. आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, आणि ते कारकूनच होते ही गोष्ट सोडून बाकी सगळं बाबा लोकांना सांगायचे. “आपल्या घराण्यात” ने सुरू होणारी त्यांची वाक्यं मला आजही पाठ आहेत. आपल्या घराण्यात बाजारात उभं राहून कुणी खात नाही. आपल्या घराण्यातल्या मुली रस्त्यात मोठ्याने हसत नाहीत. त्यातली निम्मी मी पुढे माझ्या मुलाला ऐकवली, तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून दचकले होते.

शकूआत्याला जाड चष्मा होता, आणि केस गुडघ्यापर्यंत होते. रविवारी ती शिकेकाईने न्हायली की गच्चीत खुर्चीवर बसायची आणि मी मागे उभी राहून केसांची टोकं हातात धरून वाळवायचे. केस सगळे गोळा करायची तिची एक लकब होती. मनगटाला एक वेढा द्यायचा आणि सगळा भार डाव्या खांद्यावरून पुढे ओढून घ्यायचा. रस्त्याने चालताना, फळ्यावर चित्र काढताना, भाकरी थापताना, दिवसातून कितीदा तरी ती हे करायची. तिचं लग्न जमत नव्हतं याचं कारण पत्रिका, असं आई म्हणायची. मला तर आत्यासारखं दिसणारं दुसरं माणूसच माहीत नव्हतं, तेव्हा कारण पत्रिकाच असणार असं मीही धरून चालले होते.

नीलग्रहाचा दुसरा भाग करायला मुंबईहून मंडळी आली ती एका बंद पडलेल्या मिलमध्ये. तिथल्या अजस्र रिकाम्या शेडमध्ये त्यांनी ग्रह उभा केला. त्यांना पडदे रंगवायला माणसं हवी होती. आत्याच्या शाळेतल्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं. बाबांनी दोन दिवस घेतले आणि मग परवानगी दिली, कारण दिग्दर्शक मराठी होता, आणि दुसरं म्हणजे चित्रपट विज्ञानाचा होता. विज्ञानाचा म्हणजे त्यात वाईट काही नसणार, काहीतरी शैक्षणिकच असणार, असा बाबांचा ठाम समज झाला आणि तो कुणी मोडला नाही. त्या उन्हाळी सुट्टीत आत्या रोज सकाळी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत निळी होऊन यायची. आई तिच्या हातांना रॉकेल चोळायची आणि बाबा पलीकडून विचारायचे, “आज कुठला ग्रह झाला?” आमच्या घरात आत्याच्या कुठल्याही कामाबद्दल एवढी चौकशी त्याआधी कधी झाली नव्हती.

पुढे तो भाग इंदूरच्या थिएटरात लागलाच नाही. कुठे लागला आणि कुठे उतरला ते आम्हाला कळलं नाही. पण बाबांनी कचेरीत, मंडळात, लग्नाकार्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या शकुंतलेने आख्खा निळा ग्रह रंगवला आहे. त्यामुळे कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत त्याची कॅसेट आल्याचं कळलं, तेव्हा आईच्या डोक्यात एक बेत शिजला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू जवळ आलं होतं. त्याच सुमाराला आत्यासाठी देवासचं एक स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. मुलगा इंजिनियर, शांत, एकदा घरी येऊन गेला होता, आणि तो गेल्यावर आत्या त्याने अर्धवट टाकलेला लाडू बशीत तसाच किती वेळ ठेवून बसली होती ते मी बघितलं होतं. त्याची आई, देवासच्या काकू, हळदीकुंकवाला येणार होत्या. आईने ठरवलं की त्याच दिवशी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि सगळ्यांना शकूचं काम दाखवायचं.

“वहिनी, राहू दे ना,” आत्या म्हणाली. “त्यात काय बघायचंय? नुसती फालतूची मारामारी आहे.”

“अगं, तू चूप बस. एवढी मेहनत केलीस, कुणाला मालूम तरी पडू दे. काकू काय रोज रोज येऊन राहिल्या आहेत?”

आत्या आणखी काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली, पण ती कात्री घेऊन उठली आणि आराशीच्या कामाला लागली. कारण गौरीची आरासही तिच्याच हातची, आणि आईच्या हुकुमाप्रमाणे ती नीलग्रहाचीच असणार होती. सियागंजातून आम्ही चंदेरी कागद आणि कापसाचा गठ्ठा आणला. पायऱ्यांवर कापसाचे ढग पसरले, वरून दोऱ्यांना रंगवलेले चेंडू टांगले, आणि मधोमध पितळी पाळण्यात गौर झुलत होती. शनीच्या कड्यासाठी पुठ्ठा कापला तेव्हा बाबा गरजले, “गौरीच्या उशाला शनी? अक्कल आहे का?” मग शनी काढून कोठीच्या खोलीत ठेवला. पण इतका देखणा चेंडू वाया गेला याचं आईला इतकं वाईट वाटलं की हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला ती कोठीच्या दारातून तो दाखवत होती. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. खोलीतला विजेचा एकुलता एक प्लग गौरीच्या टेबलामागे गेला होता. टीव्ही आणि व्हीसीआरची वायर आराशीच्या खालून नेऊन लावली होती, आणि आता तिथे हात घालायचा तर गौर हलवावी लागणार होती.

लायब्ररीवाला भिया, इंदुरात भैयाला भियाच म्हणतात, दुपारी रिक्शातून रंगीत टीव्ही आणि मशीन घेऊन आला. बायकांचा कार्यक्रम म्हणून बाबा कधीच मित्राकडे निघून गेले होते. भियाने आईला शिकवलं, “भाभीजी, देख लो. ये दबाया तो चालू, ये दबाया तो बंद. और ये बीच वाले को हाथ मत लगाना.” आईने तीनदा म्हणून दाखवलं. “अरे कुछ नी होता, आराम से देखो,” असं म्हणून तो गेला. बाहेर इंदूरचं चैत्रातलं ऊन, आत कूलरची घरघर, खसाचा वास, कैरीच्या डाळीला दिलेल्या फोडणीचा वास, आणि खोलीभर बायका. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया होत्या, शाळेतल्या मोठ्या बाई होत्या. देवासच्या काकूंना खुर्ची दिली होती. त्या गोऱ्या, ठेंगण्या, फार हळू बोलणाऱ्या. त्यांनी आराशीचं इतकं मनापासून कौतुक केलं की आईचे कान लाल झाले.

चित्रपट सुरू झाला. ती कॅसेट म्हणजे कॅसेटवरून काढलेल्या कॅसेटवरून काढलेली कॅसेट होती. माणसांच्या चेहऱ्यांना कडा नव्हत्या, निळ्या रंगाची हिरवी साय झाली होती आणि खालच्या बाजूने पांढऱ्या रेघा सारख्या वर सरकत होत्या. पण चंद्र आले तेव्हा आई ओरडली, “हे शकूचं!” आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, “वा, किती सफाई आहे हाताला.” आत्या स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले भरत होती. मी मधल्या दारात बसले होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की वर्गातल्या मुलींच्या आया माझ्याकडे बघतायत का हे मी दर मिनिटाला तपासत होते.

मग ते दृश्य आलं. निळ्या ग्रहाची राजकन्या दोन चंद्रांच्या उजेडात तळ्यात अंघोळ करते. कमरेएवढ्या पाण्यात एक बाई पाठमोरी उभी. पाठीवर मोकळे केस, खाली पाण्यापर्यंत. तिने हात मागे नेला, केसांना मनगटाचा एक वेढा दिला आणि सगळा भार डाव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला. आणि पाठ उघडी झाली. पाठ म्हणजे काय, त्या धुरकट पडद्यावर एक फिकट पट्टा, बस. पण तो मनगटाचा वेढा त्या खोलीतल्या अर्ध्या बायकांनी रोज बघितलेला होता. कूलरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. वर्गातल्या मुलींच्या आयांकडे बघणं मी बंद केलं.

आई उठली आणि तिने मशीनवरचं बटण दाबलं. मधलं. चित्र जागच्या जागी थांबलं, थरथरत. आईने घाबरून तेच पुन्हा दाबलं, तर चित्र हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागलं, आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर पुन्हा थांबलं. पाठ तिथेच. “प्लग काढ, प्लग,” कुणीतरी कुजबुजलं. पण प्लग गौरीच्या मागे होता, आणि बसवलेली गौर अक्षय तृतीयेआधी हलवायची कुणाची छाती होती? रोज दुपारी जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही. मग आईने ओटीच्या ताटातला एक खण उचलला आणि टीव्हीवर टाकला. खण तो केवढा, त्याने एक चंद्र तेवढा झाकला आणि घसरून खाली पडला. आईने तो उचलून पुन्हा टाकला, तो पुन्हा पडला. शेवटी तिने हळदीकुंकवाचं ताट घेतलं, टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिथूनच एकेकीला बोलावून कुंकू लावायला सुरुवात केली. बायका येत होत्या, मान पुढे करत होत्या, आणि आईच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या. हे मी हसत हसत सांगू शकले असते तर किती बरं झालं असतं. मी प्रयत्न करून बघितला आहे, जमत नाही.

तेवढ्यात आत्या पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात आली आणि थांबली. सगळ्या बायकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग जमिनीकडे. देवासच्या काकू बोलल्या. त्यांचा आवाज त्याही वेळी मऊच होता, आणि आज मला खात्री आहे की त्या आत्याला हात देत होत्या.

“हीरोइनच ना ती? या लोकांना काय, सवय असते. शकुंतला, तू तर नुसती पेंटिंगला होतीस ना तिथे?”

“हो हो, नुसती पेंटिंगला,” आई म्हणाली. “ही पूरा दिवस पडदेच रंगवायची. हो ना गं?”

आत्याला काहीच करायचं नव्हतं. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसता ट्रे पुढे करायचा होता. लग्न पक्कं होतं, सगळी खोली तिच्या बाजूने खोटं बोलायला तयार होती, चेहरा दिसत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होते, पन्हं दे, आत्या, पन्हं दे.

“पेंटिंग माझंच आहे,” आत्या म्हणाली. “आणि ती पाठही माझीच आहे. हीरोइन पाण्यात उतरायला तयार नव्हती. केस माझे तेवढेच लांब होते, म्हणून मला उभं केलं.” आणि मग ट्रे पुढे करून म्हणाली, “काकू, पन्हं घ्या.”

काकूंनी पन्हं घेतलं. ओटी घेतली, डाळही खाल्ली, गौरीला नमस्कार केला आणि जाताना आईच्या हातावर हात ठेवला. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, योग नाही. त्यांनी हळदीकुंकवाचा एका शब्दानेही उल्लेख केला नव्हता, आणि बाबांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

घरात आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं. बाबांनी ती कॅसेट कधी बघितली नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी आत्याला नावाने हाक मारली नाही. “मंजू, तिला सांग,” “मंजू, तिला विचार,” असं माझ्यामार्फत बोलायचे. जेवताना आत्याला मी वाढायचे. आई कामाला जास्त जोराने हात घालायची, भांडी आपटायची, आणि मधेच म्हणायची, “सांगायची काय जरूरत होती? विचारलं होतं का कुणी कोर्टात?” शाळेत मुलींनी आत्याच्या तासाला मनगटाला वेढा द्यायची नक्कल सुरू केली. मी आत्याबरोबर शाळेत जाणं बंद केलं. रोज आधी निघायचे. तिने मला कधी विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं झालं. पुढच्या वर्षी तिने बदली मागून घेतली ती सांवेरला, तालुक्याच्या गावी. बस जेमतेम तासाभराची, तेव्हा ये-जा करता आली असती. पण तिने तिथेच खोली घेतली आणि सणावारी पाहुण्यासारखी यायला लागली. आई तिला डबा भरून द्यायची आणि ती गेल्यावर तिची गादी उन्हात टाकायची. एका माणसाला घरातून काढायला कुणी एक वाईट शब्द बोलावा लागत नाही, हे मला त्या वयात समजलं.

कॉलेजात गेल्यावर एकदा मी धीर करून लायब्ररीतून ती कॅसेट मागितली. म्हटलं, एकदा नीट बघावं, खरंच किती दिसतं. भियाने मला ओळखलं नाही. म्हणाला, “ले जाओ बहनजी, पर वो तालाब वाला सीन घिस गया है. लोगों ने रोक-रोक के देखा ना.” मी ती मैत्रिणीच्या घरी लावली. खरंच, नेमक्या त्या जागी टेप झिजून चित्राच्या चिंध्या झाल्या होत्या. तळं, पाठ, केस, कशाचाच कशाला पत्ता नव्हता. किती घरांतून, किती बोटांनी ती तिथे थांबवली असेल याचा विचार करत मी परतीच्या रस्त्यावर मान खाली घालून चालले होते.

पुढे व्हीसीडी आली तेव्हा मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागले होते. राजवाड्याजवळच्या फुटपाथवर तिन्ही भागांचा संच दिसला, वेष्टनावर लहान मुलांसाठी म्हणून लिहिलेलं. घरी येऊन लावली, तर तळ्याचं दृश्य मुळातच नाही. एकेक चित्रपट दोन डिस्कमध्ये बसावा म्हणून जे कापलं त्यात ते गेलं होतं. मी आईला फोन करून सांगितलं, “आई, नव्या प्रतीत नाहीये ते.” आई म्हणाली, “देवाला काळजी.” बाबा तोवर गेले होते. डीव्हीडीत दृश्य परत आलं, पण चित्र बाजूने ताणलेलं, वरून कापलेलं, आणि इतकं काळपट की नसल्यासारखंच. दर वेळी मी सुटकेचा श्वास टाकायचे. आणि याच वर्षांत मी वर्गात मुलामुलींना ‘माझ्या ओळखीच्या एका बाईची’ गोष्ट सांगायचे. भरल्या हळदीकुंकवात स्वतःच्या देहावरचा हक्क सांगणारी बाई. मुली वहीत लिहून घ्यायच्या. घरी चोरून प्रती तपासायच्या आणि वर्गात बंड शिकवायचं, हे दोन्ही मी करत होते. आत्या सांवेरला होती, फोनवर सोयाबीनचे भाव आणि गुडघ्यांची दुखणी सांगायची. तिला कधी विचारावं असं मला सुचलंच नाही.

यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली. केस आता खांद्यापर्यंतच आहेत, पांढरेशुभ्र. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या मुलाने पुण्याहून नीलग्रहाची नवी पेटी पाठवली. त्याला काहीच ठाऊक नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आई, यातला दुसरा भाग तुमच्या इंदूरचा आहे, बघ मजा.’ मी ती कपाटात टाकणार होते, पण आत्याने आधीच उचलली. नव्या डोळ्यांनी तिने वेष्टनावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाली, “लाव की.”

“कंटाळवाणी आहे गं,” मी म्हटलं.

“मी कुठे बघितली आहे?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या दुपारी ती स्वयंपाकघरात होती, आणि ट्रे घेऊन दारात आली तेव्हा आई पडद्यापुढे उभी होती. त्यानंतर ती कॅसेट आमच्या घरात आली नाही. आम्ही सगळ्यांनी, अर्ध्या रामबागेने, जे बघितलं होतं ते तिनेच बघितलं नव्हतं.

मी दुसरा भाग लावला. चित्र बघून मीच चाट पडले. निळा रंग खरोखरचा निळा होता, चेहऱ्यांवरचा घाम दिसत होता, पडद्यावर रंगवलेल्या आकाशातले ब्रशचे फटकारेसुद्धा मोजता येतील इतके स्पष्ट. आत्या पुढे सरकून बसली. “अरे राम, त्या चंद्राला रंगाचा एक हात कमी पडलाय,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं त्यांना, सुकू द्या. पण त्यांना कुठली सबर!” तळं जवळ यायला लागलं तसा माझा हात रिमोटकडे गेला. तिने बघितलं. “राहू दे,” म्हणाली.

ती पाण्यात उभी होती. केसांना वेढा देऊन तिने ते पुढे घेतले आणि पाठ उघडी झाली, दुपारच्या उजेडात, माझ्या हॉलच्या अर्ध्या भिंतीएवढी. पाण्याचे थेंब दिसत होते, थंडीने आलेला काटा दिसत होता. आणि डाव्या खांद्याखाली चिंचोक्याएवढा तपकिरी डाग. तिची जन्मखूण. इतक्या प्रतींत मला ती कधीच दिसली नव्हती. मला लाज वाटली. या वयात, एवढं शिकून-शिकवून, स्वतःच्याच घरात मला खिडकीचा पडदा ओढून घ्यावासा वाटला.

“काय थंड होतं पाणी,” आत्या म्हणाली. “मिलचा हौद तो. आणि तेलाचा काय वास!” मग जरा वेळाने, “बरी होते की गं मी.”

मी विचारलं. का तेव्हाच विचारलं माहीत नाही. “आत्या, त्या दिवशी तू गप्प का नाही बसलीस? तोंड तर दिसतच नव्हतं.”

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. “तोंड नव्हतं दिसत, पण हा डाग होता ना. उद्या लग्न झालं असतं, तर नवऱ्याने माझी पाठ कधी बघितलीच नसती का? कॅसेट तर घरोघरी होती. कधी तरी दोन्ही बघून म्हणालाच असता, फसवलं मला. मतलब, बोलायचं तर लग्नाआधीच बोलायला पाहिजे होतं. नाहीतर मला काय हौस होती, मंजू? मला तो मुलगा पसंत होता.”

ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिथेच बघत म्हणाली, “त्या कॅसेटमध्ये दिसत होता ना हा डाग? मला नीट दिसलं नाही. काकू येणार म्हणून वहिनीने चष्मा काढून ठेवायला लावला होता. पण सगळ्याजणी असं टक लावून बघत होत्या, मला वाटलं, दिसतच असणार.”

त्या कॅसेटमध्ये काय दिसत होतं हे जगात कुणी छातीठोकपणे सांगू शकत असेल तर ती मी. एक फिकट पट्टा, पांढऱ्या रेघा, बाकी काही नाही. झिजायच्या आधीही नाही. कुणालाही, कधीही दिसला नसता.

“दिसत होता,” मी म्हटलं. “अगदी स्पष्ट दिसत होता, आत्या.”

“हं,” ती म्हणाली आणि सोफ्याला पाठ टेकून बसली. “मग बरोबरच बोलले मी.”